हाताची खूण आणि आधुनिक चित्र

प्रस्तावना

आधुनिक चित्रकलेचा इतिहास आपण बहुतेक वेळा वादांच्या यादीतून शिकतो. दृक्प्रत्ययवाद, बिंदुवाद, घनवाद, अभिव्यक्तिवाद, अतिवास्तववाद, अमूर्त अभिव्यक्तिवाद. प्रत्येकापुढे एक कालखंड, दोन-तीन चित्रकारांची नावं आणि चार वैशिष्ट्यं. कलेतिहासाचा पेपर सोडवायला ही यादी पुरते. चित्रासमोर उभं राहिल्यावर मात्र तिचा फारसा आधार मिळत नाही. समोर असतो रंगाचा एखादा जाड लपका, कुंचल्याच्या केसांनी ओढलेल्या बारीक चऱ्या, उघडा राहिलेला कॅनव्हासचा कोपरा, मध्येच थांबलेली रेषा. चित्रकार आपल्यासाठी मागे ठेवतो तो पुरावा एवढाच, आणि तो भरपूर आहे.

या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं : आधुनिक चित्र समजून घ्यायचं असेल तर आधी त्याच्यावरची खूण पाहावी, ते कोणत्या वादात बसतं हे नंतर ठरवावं. हात, हत्यार आणि पृष्ठभाग यांची गाठ पडते तेव्हा जे उरतं त्याला मी इथे खूण म्हटलं आहे. ठिपका, फटकारा, रेषा, ओघळ, खरवड, पुसलेल्या जागेवरचा डाग, हे सगळं त्यात आलं. प्रत्येक खुणेत हाताचा वेग असतो, दाब असतो, दिशा असते आणि कुठे थांबायचं हा निर्णय असतो. हे सगळं डोळ्यांना दिसतं. त्यासाठी कुठलंही तत्त्वज्ञान आधी पाठ करावं लागत नाही.

महाराष्ट्रात चित्रकला शिकणाऱ्या आम्हा मुलांची पहिली ओळख होते ती खूण लपवण्याच्या शिस्तीशी. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. स्थिरचित्रातल्या भांड्याची गोलाई दाखवताना पेन्सिलीच्या रेषा एकमेकींत पूर्ण मिसळल्या पाहिजेत. संकल्पचित्रात पोस्टर कलरचा थर असा सपाट बसला पाहिजे की कुंचला कुठून कुठे गेला ते कळू नये. आखणीच्या रेषा शेवटी खोडरबराने पुसून टाकायच्या. ही शिस्त मला मोलाची वाटते, कारण हातावर ताबा येतो तो तिच्यामुळेच. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या अकादमीचा आदर्शही याच्या जवळचा होता. तैलचित्राचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा, चित्रकाराचे श्रम दिसता कामा नयेत, समोर केवळ विषय उरावा. आधुनिक चित्रकलेची कितीतरी वळणं या आदर्शाला दिलेली उत्तरं आहेत. हात लपायचा थांबला आणि त्याने उघडपणे काय काय करता येईल याचा शोध सुरू केला. तो शोध मला सहा खुणांमधून मांडावासा वाटला, म्हणून पुस्तकाची प्रकरणंही सहाच आहेत.

पहिलं प्रकरण फटकाऱ्याचं. 1874 च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या बुलव्हार दे कापुसीनवर, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. क्लोद मोनेने ल हाव्र बंदरातल्या सकाळचं 1872 मध्ये रंगवलेलं चित्र त्यात होतं. त्याच्या शीर्षकातला शब्द पकडून लुई लरॉय या समीक्षकाने सगळ्या गटाची थट्टा केली आणि त्या थट्टेतूनच पुढे गटाला दृक्प्रत्ययवादी हे नाव मिळालं. ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. तिच्याइतकीच महत्त्वाची, पण कमी सांगितली जाणारी गोष्ट हत्यारांची आहे. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग बाहेर काढता येणारी धातूची नळी तयार केली. तयार रंग खिशात घालून बाहेर पडता येऊ लागलं. त्याच शतकात कुंचल्याच्या केसांना धातूची पट्टी बसवण्याची पद्धत रुळली आणि चपटा कुंचला सर्वांच्या हाती आला. चपट्या कुंचल्याने रंगाचा आखूड, रुंद, कडा असलेला तुकडा ठेवता येतो. उजेड बदलण्याआधी चित्र पुरं करायचं असेल तर असे तुकडेच उपयोगी पडतात. मोनेच्या पाण्यावरचा प्रत्येक आडवा फटकारा नजरेचा आहे तितकाच त्या कुंचल्याचाही आहे. पोल सेझानने पुढे तोच फटकारा तिरपा, समांतर आणि शिस्तबद्ध केला, आणि झाड, डोंगर, सफरचंद सगळं त्याच्यातून रचलं. फटकाऱ्याचा प्रवास किती दूर गेला हे पाहायचं तर 1965-66 मधली रॉय लिकटनस्टाइनची चित्रं पाहावीत. एव्हाना जाडजूड फटकारा म्हणजे कलावंताची उत्कट भावना असा समज पक्का झाला होता. लिकटनस्टाइनने छापील चित्रकथेच्या शैलीत, ठिपक्यांच्या जाळीवर, काळ्या बाह्यरेषेत असा एक भलामोठा फटकारा अतिशय संथपणे रंगवला. उत्कटतेचीही एक ठरीव पद्धत बनू शकते, हे त्याने दाखवून दिलं.

दुसरं प्रकरण ठिपक्याचं. झॉर्झ सराने 'ला ग्रांद जात' बेटावरच्या रविवार दुपारचं चित्र 1884 ते 1886 या काळात रंगवलं. ते साधारण दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे आणि आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याच्या मुळाशी मिशेल शव्रल या रसायनशास्त्रज्ञाचं 1839 चं संशोधन आहे. शव्रल गोबलँच्या गालिचा-कारखान्यात रंगाईचं काम पाहत असे. धाग्याचा रंग फिका वाटतो अशा तक्रारींचा शोध घेताना त्याच्या लक्षात आलं की दोष अनेकदा धाग्यात नसून शेजारच्या रंगात असतो. शेजारी बदलला की रंग बदललेला दिसतो. सराने हे ज्ञान ठिपक्यांवर आणलं आणि रंग मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवलं. याच प्रकरणात मी डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना घेतलं आहे. वारली भिंतीवरचा चौक परंपरेने लग्नाच्या वेळी सवाष्णी काढत. मशे यांनी 1970 च्या दशकात कागदावर आणि कापडावर काम सुरू केलं. तांदळाचं पीठ आणि बांबूची मऊ केलेली काडी एवढ्या साधनांनी त्यांनी माशांनी भरलेलं जाळं, वारुळातली लगबग, पिकाच्या लोंब्या हजारो बारीक ठिपक्यांतून आणि तुटक रेघांतून उभ्या केल्या. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. सराचा ठिपका प्रकाशाचं पृथक्करण करतो, मशे यांचा ठिपका हालचालीची मोजदाद करतो. वादांच्या यादीत या दोघांना शेजारी जागा मिळणार नाही. खुणेच्या अभ्यासात मात्र त्यांना एकत्र पाहिल्यावर दोघंही अधिक स्पष्ट होतात.

रेषेचं प्रकरण सगळ्यात लांब झालं आहे आणि ते मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे. त्याची सुरुवात व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या बोरूपासून होते. 1888 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला गेल्यावर तिथल्या वेतासारख्या गवताच्या काड्या तासून त्याने लेखण्या केल्या. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अक्षरं ज्या हत्याराने गिरवली गेली त्याच जातीचं हे हत्यार. बोरू एका वेळी थोडीच शाई धरतो. रेषा सुरुवातीला जाड आणि काळी उतरते, पुढे सुकत जाते, आणि पुन्हा बुडवावं लागतं. म्हणून बोरूच्या चित्रात लांब, अखंड ओढ नसते. आखूड रेघा, टिंबं, आकडे, वळसे यांचा समूह असतो. व्हॅन गॉगने या मर्यादेची भाषा केली. गव्हाच्या शेताला एक प्रकारची रेघ, मातीला दुसरी, सायप्रसला तिसरी, आकाशाला टिंबं. त्याच उन्हाळ्यात त्याने आपल्या तैलचित्रांवरून रेखाटनं करून एमिल बर्नार, जॉन रसेल आणि भाऊ थिओ यांना पाठवली. एकाच चित्राची वेगवेगळ्या माणसांसाठी केलेली रेखाटनं शेजारी ठेवली तर खुणांची निवड बदललेली दिसते. रंग हाती नसताना रंगाचं काम रेघेकडून कसं करून घ्यायचं, याचा इतका उघड धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

याच रेषेच्या दुसऱ्या टोकाला नसरीन मोहमदी आहेत. 1937 मध्ये कराचीत जन्म, मुंबईत वाढ, लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण, 1972 पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन आणि 1990 मध्ये अलिबागजवळच्या किहीमला मृत्यू. शाई, पेन्सिल आणि आरेखनाची उपकरणं वापरून त्यांनी कागदावर ज्या रेषा ओढल्या त्यांत कुठलीही वस्तू नाही. समांतर रेषांमधलं अंतर किंचित वाढतं, एखादी तिरकी रेषा जाळं भेदून जाते, शाईचा गडदपणा केसाइतका कमी होतो आणि सपाट कागदाला खोली येते. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांच्या शरीरावरचा ताबा हिरावत नेला, त्या काळातलीही रेषा अचूक आहे. हे कळल्यावर ती रेषा थंड वाटत नाही. व्हॅन गॉगची थरथरती रेघ भावनेची आणि पट्टीने ओढलेली सरळ रेषा यांत्रिक, ही सोपी विभागणी नसरीन यांच्या कागदासमोर टिकत नाही. खुणेतली भावना तिच्या वळणावरून ओळखता येत नाही. ती खूण करण्यासाठी काय पणाला लागलं यावर बरंच अवलंबून असतं.

रेषेच्या प्रकरणात बाउहाउस ही जर्मन कलाशाळाही येते. पाउल क्लेने 1925 मध्ये आणि वासिली कँडिन्स्कीने 1926 मध्ये तिथल्या अध्यापनातून बिंदू, रेषा आणि पृष्ठभाग यांचा विचार पुस्तकरूपाने मांडला. पण त्याआधीच, डिसेंबर 1922 मध्ये, क्ले आणि कँडिन्स्की यांच्यासह बाउहाउसच्या कलावंतांची कामं कोलकात्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात लागली होती. आधुनिकता आपल्याकडे फार उशिरा, उष्ट्यासारखी आली असं मानणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. चालत गेलेल्या रेषेचं उदाहरणही याच प्रकरणात आहे. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग 1967 मध्ये गवताच्या मैदानात एकाच वाटेने येरझाऱ्या घालत राहिला, गवत दबून सरळ रेषा उमटली आणि तिचं छायाचित्र हेच काम ठरलं. 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला लाँग आणि जिव्या सोमा मशे यांचं एकत्र प्रदर्शन झालं. पायवाटेचा माग दोघांच्याही कामात आहे.

ओघळाच्या प्रकरणात हात पृष्ठभागापासून सुटतो. 1947 पासून जॅक्सन पोलॉकने लाँग आयलंडवरच्या आपल्या कोठारात कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि घरं रंगवायचा एनॅमल काडीने, वाळून कडक झालेल्या कुंचल्याने, वरून सोडला. रंगाची धार जाड पडेल की बारीक हे हाताच्या वेगावर, उंचीवर आणि रंगाच्या पातळपणावर ठरतं. म्हणून त्याची जाळी निव्वळ योगायोगाची नाही. तो सरावाने कमावलेला ताबा आहे. 1950 मध्ये हान्स नामुथने त्याला काम करताना टिपलं आणि 1952 मध्ये हॅरोल्ड रोझेनबर्ग या समीक्षकाने अशा चित्राला कृतीचं मैदान मानणारा लेख लिहिला. तरी 1948 च्या त्याच्या एका मोठ्या चित्रात वरच्या कडेला तळहाताचे ठसे आहेत. कॅनव्हासला न शिवणाऱ्या चित्रकारालाही तिथे हात टेकावासा वाटला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. जपानमध्ये गुताई गटाच्या काझुओ शिरागाने 1955 च्या सुमारास दोराला लोंबकळून पायांनी रंगवायला घेतलं. अंगाचं सगळं वजन तिथे हत्यार झालं.

खरवडीच्या प्रकरणाचा नायक वासुदेव गायतोंडे. 1924 मध्ये नागपूरला जन्म, 1948 मध्ये जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका, काही काळ प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध, आणि पुढे जवळपास सगळं आयुष्य एकट्याने केलेलं काम. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग पसरायचा, दाबायचा, खरवडायचा. वर्तमानपत्राचे फाटलेले तुकडे लावून रंग उचलायचा किंवा उमटवायचा. कुंचल्याचा फटकारा त्याने जवळपास पूर्ण काढून टाकला. तरीही त्याच्या चित्रात हात जाणवतो, कारण थर कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा हे रोलर ठरवत नाही. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्याचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. त्याच्या शेजारी मी अकोल्याच्या अंबादास खोब्रागडे यांना ठेवलं आहे. 'ग्रुप 1890' या कलावंत-गटाचे ते सदस्य; पुढे नॉर्वेला स्थायिक झाले आणि 2012 मध्ये ऑस्लोत वारले. गायतोंडे खूण शांतवतात, अंबादास ती प्रवाहासारखी वाहू देतात. दोघांचाही जन्म विदर्भातला आणि दोघांनीही वस्तूचं चित्र काढणं सोडलं.

शेवटचं प्रकरण पुसण्याचं. 1953 मध्ये रॉबर्ट राउशेनबर्गने विलेम डी कूनिंगकडे त्याचं एक रेखाटन मागितलं, ते पुसण्यासाठी. डी कूनिंगने मुद्दाम पुसायला कठीण असं रेखाटन दिलं. उरलेला जवळजवळ कोरा कागद आज सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आहे, आणि नीट पाहिलं तर पुसणाऱ्या हाताचे श्रम त्यात दिसतात. रवींद्रनाथ ठाकूर यांची चित्रकला तर खाडाखोडीतूनच सुरू झाली. हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी जोडत जोडत त्यांचे प्राणी आणि चेहरे तयार झाले आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. गोव्यातल्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझाने मासिकांच्या गुळगुळीत पानांवरची छापील शाई रसायनाने विरघळवून त्यावर रेखाटलं. पुसणं हीसुद्धा खूणच आहे, हे समजल्यापासून माझं स्वतःचं काम बदललं. आता कोळशाने रेखाटताना चुकलेली रेषा मी ठेवते आणि तिच्या शेजारी दुसरी ओढते. पाहणाऱ्याला दोन्ही दिसू देत.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सराव दिले आहेत. ते करायला महागडं साहित्य लागत नाही : बोरू, कोळसा, जुना टूथब्रश, रिकामं रिफिल, वर्तमानपत्र, पोस्टर कलर आणि कार्ट्रिज पेपर एवढ्यावर सगळे सराव होतात. हे सराव नक्कल करण्यासाठी नाहीत. बोरूतली शाई कुठे संपते हे आपल्या हाताला कळलं की व्हॅन गॉगची रेघ तिथे का थांबली हे डोळ्यालाही कळतं.

बरंच काही यात घेतलेलं नाही. शिल्पातल्या खुणा, छायाचित्र आणि संगणकावरचं रेखाटन यांचा विचार इथे नाही. अजिंठ्याची रेषाही बाहेर ठेवली आहे. जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून 1885 पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या; त्या निमित्ताने आपल्याकडे रेषेचं जे शिक्षण झालं त्यावर स्वतंत्र पुस्तकच व्हायला हवं. घनवादालाही इथे थोडीच जागा आहे. घरं रंगवणाऱ्या कारागिरांच्या घरातून आलेल्या ब्राकने लाकडाच्या रेषा काढायची फणी चित्रात कशी आणली, एवढाच त्यातला भाग मी घेतला.

माझ्यासारख्या विद्यार्थ्यांची एक अडचण सगळ्यांनाच माहीत आहे. या चित्रांपैकी बहुतेक आम्ही छापील पानावर किंवा पडद्यावर पाहिली आहेत. छपाईत रंग उतरतो, थर उतरत नाही. म्हणून पुस्तकात ज्या खुणांबद्दल मी खात्रीने लिहिलं आहे, त्यांचा पडताळा मी शक्य तिथे मुंबईतल्या मूळ कामांवर घेतला आहे. काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि जहांगीर आर्ट गॅलरीत आधुनिक भारतीय चित्रकारांची कामं हातभर अंतरावरून पाहता येतात. चित्राच्या बाजूला उभं राहून, उजेड तिरपा पडेल असं पाहिलं की पृष्ठभाग बोलू लागतो. ज्या शिक्षकांनी मला असं बाजूला उभं राहायला शिकवलं आणि माझ्या रेखाटनांवर खोडरबर फिरवण्याऐवजी प्रश्न विचारले, त्यांची मी ऋणी आहे.

हे पुस्तक चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि 'आपल्याला त्यातलं काही कळत नाही' असं म्हणत अमूर्त चित्रासमोरून पुढे सरकणाऱ्या प्रत्येकासाठीही आहे. त्यांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी अशा चित्रासमोर आलात की हे कशाचं चित्र आहे हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. ही खूण कशाने केली असेल, किती वेगाने, किती दाबाने आणि चित्रकार नेमका इथेच का थांबला असेल, हे विचारा. उत्तरं चित्रातच आहेत, आणि ती वाचायला लागणारे डोळे तुमच्याकडे आधीपासून आहेत.